शाडूच्या रंगाची शी: एका काविळीच्या बाळाचे 54 दिवस

मी तालुक्याच्या गावी लहान मुलांची डॉक्टर आहे. ही केस माझ्याच ओपीडीतली, आईबाबांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून कामधंदा आणि एकदोन गोष्टी बदलल्यात. दिवस मात्र जसेच्या तसे ठेवलेत, कारण या आजारात (बिलियरी अट्रेसिया, म्हणजे बाळाच्या पित्तनळ्या बंद होणं) सगळा हिशोब दिवसांवर असतो आणि यातले 26 दिवस माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे गेलेत.

पार्श्वभूमी

आई 21 वर्षांची, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. ग्रामीण रुग्णालयात नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, वजन 2 किलो 800, लगेच रडली, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिल्याची नोंद कार्डावर आहे. तिसऱ्या दिवशी अंगावर थोडी कावीळ होती तरी घरी सोडलं, ते बरोबरच होतं, तिसऱ्या दिवशीची कावीळ निम्म्याहून जास्त बाळांना असते आणि आपोआप उतरते.

मग घरी नेहमीचं सुरू झालं. सकाळी तेल लावून मालीश, बेसन-हळद-साय लावून अंघोळ, धुरी, शेक. बाळंतीण आतल्या खोलीत, सव्वा महिना बाहेर पडायचं नाही. खोलीला एकच खिडकी, तीही वारं लागेल म्हणून बंद. बाळाचे लंगोट बदलायचे, धुवायचे ते आजीनं (आईच्या आईनं). हे मुद्दाम सांगतेय, कारण बाळाची शी रोज बघणारं घरात एकच माणूस होतं आणि त्या माणसाला मी काही विचारलंच नाही.

आशाताईंच्या भेटींचं पण सांगायला हवं. दवाखान्यात डिलिव्हरी झालेल्या बाळाला आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जाऊन बघतात. या भेटींमागे आपल्याच गडचिरोलीतलं संशोधन आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'चं, 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं, घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली तर मृत्यू किती कमी होतात ते त्यांनी गावागावात दाखवून दिलं. मला या कामाचा फार अभिमान आहे. पण आमच्या केसमध्ये बाईची नोंद सासरच्या गावात आणि बाळ माहेरी, त्यामुळे सासरच्या आशाताईंना वाटलं माहेरच्या बघतायत आणि माहेरच्यांच्या यादीत हे बाळ नव्हतंच. मधल्या चार भेटी झाल्याच नाहीत.

18 वा दिवस: माझी चूक इथे झाली

आजी बाळाला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. आई नव्हती, सव्वा महिना व्हायचा होता ना. तक्रार एवढीच, नाक चोंदतंय, रात्री घुरघुर करते. मी तपासलं, छाती साफ, वजन 3 किलो 250, म्हणजे झकास वाढतंय, दूध ओढून पितंय. डोळे पिवळे दिसले. कपाळाला लावायचं बिलिरुबिनचं (काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचं) मीटर माझ्याकडे आहे, लावलं, 8 आलं. 18 दिवसाच्या, अंगावर पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाला 8 म्हणजे आईच्या दुधामुळे लांबलेली कावीळ, असं मी धरून चालले. आजीला म्हणाले, काळजी करू नका, उतरेल हळूहळू, दूध चालू ठेवा. नाकात टाकायला सलाईनचे थेंब लिहून दिले. बाहेर पंचवीसेक पेशंट बसले होते.

आता त्या मीटरचं बघा. ते कातडीवरून एकूण कावीळ किती एवढंच सांगतं. त्यातली साधी किती आणि डायरेक्ट किती हे त्याला कळत नाही, त्याला रक्तच काढावं लागतं. साधी कावीळ म्हणजे लिव्हरमध्ये अजून प्रक्रिया न झालेलं बिलिरुबिन, नवजात बाळात बहुतेक वेळा हेच असतं. डायरेक्ट म्हणजे लिव्हरनं आपलं काम केलंय पण पुढे पित्त आतड्यात उतरत नाहीये. नियम आम्हाला सगळ्यांना पाठ असतो, की 14 दिवसांनंतर कावीळ दिसली तर एकदा तरी एकूण आणि डायरेक्ट दोन्ही करा आणि शी-लघवीचा रंग विचारा. मला पण पाठ होता. वजन चांगलं वाढतंय हे बघून मी निर्धास्त झाले, आणि नंतर वाचताना परत लक्षात आलं की बिलियरी अट्रेसियाची बाळं पहिले काही आठवडे अशीच दिसतात, गुटगुटीत, खेळकर, नुसती पिवळी.

अडचण

बाळाची कावीळ काही उतरेना. 24 व्या दिवशी घरच्यांनी शेजारच्या गावातून काविळीची माळ आणून घातली. आमच्या भागात हे सर्रास चालतं, डोक्यावर बसेल एवढी झाडाच्या काड्यांची माळ असते, काड्या वाळत जातात तशी दोरा सैल होऊन ती मोठी होते आणि खाली उतरते, म्हणजे कावीळ उतरली. मी यावरून आजीला एक शब्द बोलले नाही आणि बोलणार पण नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं आपोआप उतरेल, उतरत नव्हती, मग तिनं तिला माहीत असलेलं केलं.

42 व्या दिवशी माहेरच्या आशाताईंना कुठूनतरी कळलं की या घरात बाळ आहे, त्या स्वतःहून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी लसीकरणाला बोलावलं. 43 व्या दिवशी उपकेंद्रात दीड महिन्याच्या लसी दिल्या. संध्याकाळी मांडीला लावलेला कापूस लाल झालेला. आजीनं बदलला, तोही लाल झाला. टपटप नाही, पण थांबतही नव्हतं, रात्रभर झिरपत राहिलं. सकाळी आजीनं आशाताईंना फोन केला आणि त्यांनी "दाबून धरा, थांबेल" असं न म्हणता रिक्षा केली आणि मुलीला आणि आजीला घेऊन थेट माझ्याकडे आल्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय तो होता.

44 वा दिवस. बाळ पिवळं, पण पिवळ्यात आता हिरवट झाक. पोटाला हात लावला तर लिव्हर बरगडीखाली तीन बोटं, कडक. इंजेक्शनच्या जागी ओला लाल ठिपका. आणि तेव्हा मी पहिल्यांदा म्हणाले, लंगोट दाखवा.

पिशवीत एक वापरलेला होता. जुन्या धोतराचा पांढरा लंगोट, त्यावर लघवीचे हळदीसारखे गर्द पिवळे डाग. आणि शी कशी, तर गणपती करायला शाडू भिजवतो ना, तशी, करडी पांढरट, ओलसर, पिवळेपणाचा अंशही नाही. आजी म्हणाली, "अशीच होते हिची पहिल्यापासून, दुधाची आहे म्हणून पांढरी, आणि डाग तर हळदीचेच आहेत ना, अंगाला लावतो ती." दोन्ही बाजूंनी तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. महिनाभर ती ते लंगोट चोळून धूत होती आणि डाग जात नव्हते. दीड महिन्याच्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते, कपड्यावर डाग पडता कामा नये, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

रक्तात एकूण बिलिरुबिन 9.6, त्यातलं डायरेक्ट 6.8. जीजीटी (पित्त तुंबलं की वाढणारं लिव्हरचं एन्झाइम) खूप वाढलेलं. आयएनआर 3 च्या वर, म्हणजे रक्त गोठायची क्षमता पार घसरलेली. जन्मताना व्हिटॅमिन के दिलं होतं तरी असं का, तर हे व्हिटॅमिन चरबीत विरघळणारं आहे, पित्त आतड्यात पोचलं नाही तर शोषलं जात नाही, जन्माच्या वेळचा साठा संपला की संपलं. रक्त मांडीतून झिरपलं हे नशीब, काही बाळांमध्ये ते पहिल्यांदा डोक्यात होतं. व्हिटॅमिन के शिरेतून लगेच दिलं, आणि मोठ्या शहरातल्या बालशल्यचिकित्सा विभागात फोन लावला. चिठ्ठी लिहून पाठवायच्या ऐवजी मी स्वतः सर्जनशी बोलले, बाळाचं वय दिवसात सांगितलं आणि लंगोटाचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीत, आजच निघा.

काय काय पर्याय होते

पहिला प्रश्न, हे बिलियरी अट्रेसियाच आहे का. यात लिव्हरबाहेरच्या पित्तनळ्या जन्माच्या आसपास सुजून, आक्रसून बंद होतात, का ते नीट कळलेलं नाही, आणि पित्त आतच तुंबून लिव्हर कडक होत जातं. युरोपात साधारण 15 ते 20 हजार बाळांत एकाला होतो, तैवान-जपानकडे प्रमाण जास्त आहे. पण डायरेक्ट कावीळ इतरही कारणांनी होते, नवजात हिपॅटायटिस (लिव्हरची सूज), गॅलॅक्टोसिमिया (दुधातली साखर न पचण्याचा जन्मजात आजार), इन्फेक्शन, आणि त्या सगळ्यांना चाकू लावायचा नसतो.

तिथल्या टीमपुढे तीन वाटा होत्या. एक, हायडा स्कॅन. त्याआधी पाच दिवस फेनोबार्बिटोन द्यायचं, मग शिरेतून औषध सोडून ते आतड्यात उतरतं का बघायचं. उतरलं तर नळी उघडी आहे हे नक्की, पण नाही उतरलं तर अट्रेसियाच असं ठामपणे म्हणता येत नाही, जोरदार हिपॅटायटिसमध्ये पण नाही उतरत. दोन, लिव्हर बायोप्सी, म्हणजे सुईनं लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं, तीन-चार दिवसांत रिपोर्ट, पण आयएनआर ठीक झाल्याशिवाय सुई घालता येत नाही. तीन, थेट टेबलावर घेऊन पित्ताशयातून डाय सोडून एक्स-रे काढायचा, नळी उघडी दिसली तर पोट बंद करून बाहेर, बंद असेल तर तिथेच ऑपरेशन.

वडील टेम्पो चालवतात, ते त्यांच्या गावाहून रात्री पोचले. त्यांनी चौथा पर्याय काढला, आणि तो मूर्खपणाचा अजिबात नव्हता, की लिव्हर शेवटी बदलावंच लागतं असं कुणीतरी सांगितलंय, मग हे मधलं ऑपरेशन कशाला, थेट लिव्हरच बदलू. सर्जननी त्यांना बसवून समजावलं: दीड महिन्याच्या बाळात लिव्हर बदलणं फार अवघड, दाता घरातला लागतो, आयुष्यभर औषधं. आधीच्या ऑपरेशननं पित्त उतरलं तर काही मुलं आपल्याच लिव्हरवर वर्षानुवर्षं राहतात, आणि ज्यांना पुढे बदलावं लागतं त्यांनाही वाढायला वेळ मिळतो. काहीच केलं नाही तर बहुतेक मुलं दोन वर्षांपलीकडे जात नाहीत. हे शेवटचं वाक्य आईसमोर बोलायचं की नाही यावर बाहेर कुजबूज झाली, आणि आईच म्हणाली, मला पण सांगा. दीड महिन्यात तिला कुणी पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

काय केलं

हायडा सोडून दिला. कारण सरळ होतं, 45 व्या दिवशी सुरू केलं असतं तर औषधाचे पाच दिवस, मग शनिवार-रविवार, मग नंबर, म्हणजे 55-56 वा दिवस, आणि शेवटी उत्तर धड नाहीच. चार तास उपाशी ठेवून सोनोग्राफी केली, पित्ताशय एवढंसं, सुरकुतलेलं, आणि लिव्हरच्या मुखाशी पांढरट त्रिकोणी पट्टा, हे चिन्ह अट्रेसियाकडे बोट दाखवतं. वॉर्डातल्या सिस्टरनी दोन दिवस प्रत्येक लंगोट बाजूला ठेवून सर्जनना स्वतः दाखवला, एकातही रंग नाही. लघवीची गॅलॅक्टोसिमियाची तपासणी झाली. व्हिटॅमिन के नं आयएनआर 1.2 वर आला तेव्हा 48 व्या दिवशी बायोप्सी, आणि रिपोर्टची वाट न बघता ऑपरेशनची तारीख धरून ठेवली. रिपोर्ट आला, नळ्यांच्या अडथळ्याचंच चित्र.

खर्चासाठी महात्मा फुले योजनेत बसवायचं होतं. रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही, ते एवढ्या लवकर असणारच कसं, जन्माचा दाखला ग्रामपंचायतीत अडकलेला. आशाताईंनी जाऊन दाखला काढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यात दोन दिवस गेले, आणि ते टाळता आले असते.

54 व्या दिवशी ऑपरेशन. पित्ताशय दोरीसारखं घट्ट, डाय आत जाईचना, नळीच्या जागी नुसता तंतू. मग कसाई ऑपरेशन केलं, हे नाव जपानच्या सेंदाईतल्या मोरिओ कसाई यांचं. 1959 साली त्यांनी ते जपानीत मांडलं, इंग्रजीत यायला 1968 उजाडलं आणि बाकी जगाचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. लिव्हरच्या मुखाशी असलेला तंतूंचा गोळा पातळ कापून काढायचा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक नळ्या उघड्या पडतात, आणि लहान आतड्याचं वेटोळं वर आणून त्या जागेला शिवायचं. पित्त वाहील की नाही हे टेबलावर कळत नाही, पुढच्या शी मध्ये कळतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला फोन केला, कुणीतरी सांगितलंय यावर स्टिरॉइड देतात, आपण का देत नाही, पैशाचा प्रश्न असेल तर मी बघतो. प्रश्न अगदी रास्त. बरीच वर्षं अनेक सर्जन कसाईनंतर जोरदार स्टिरॉइड देत होते, सूज कमी होऊन पित्त जास्त वाहील या अपेक्षेनं. मग अमेरिकेत 140 बाळांवर चाचणी झाली, निम्म्यांना स्टिरॉइड, निम्म्यांना तसंच दिसणारं रिकामं औषध, कुणाला काय हे डॉक्टरलाही माहीत नाही. 2014 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. सहा महिन्यांनी पित्त चांगलं वाहणारी बाळं स्टिरॉइडवाल्यांत 58.6 टक्के, दुसऱ्यांत 48.6. ऐकायला दहा टक्के मोठे वाटतात, पण एवढ्याच बाळांत हा फरक योगायोगानंही येऊ शकतो, आणि दोन वर्षांनी स्वतःच्या लिव्हरवर असलेली मुलं दोन्हीकडे जवळपास सारखी, 59 टक्क्यांच्या आसपास. वर, गंभीर त्रास स्टिरॉइडवाल्या बाळांत लवकर सुरू झाले. आमच्या बाळाचं लिव्हर आधीच कडक, इन्फेक्शनची भीती मोठी, म्हणून सर्जननी दिलं नाही. मी वडिलांना हे आकडे तसेच सांगितले. ते म्हणाले, म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही. मी म्हणाले, हो, थोडासा फायदा असेलही, पण तेवढ्यासाठी हा धोका तिच्यावर घालायला सर तयार नाहीत. त्यांना पटलं. त्या 140 घरांनी आपली बाळं त्या चाचणीत दिली म्हणून मला त्यांना अंदाजापेक्षा बरं काहीतरी सांगता आलं, याची मला फार जाणीव आहे.

आणखी एक. तिथल्या रेसिडेंटचा थिसिस याच विषयावर होता, बाळं उशिरा का पोचतात. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो संमतीचा कागद घेऊन आला. सिस्टरनी त्याला परत पाठवलं, आज ही माणसं तुझ्या कुठल्याही कागदावर सही करतील, सोमवारी ये. तो सोमवारी आला, आईला मराठीत वाचून दाखवलं, नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे दोनदा सांगितलं. आई हो म्हणाली, आणि सगळी हकिगत तिनंच सांगितली, माळेसकट, माझ्या ओपीडीसकट.

निकाल

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी सकाळी सिस्टरनी आईला हाक मारून लंगोट दाखवला. हिरवट पिवळी शी, मोहरी वाटल्यासारखी. आई रडायला लागली आणि आजीनं त्या लंगोटाला हात जोडले.

सोबत पित्त वाहतं ठेवायला अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड, ए-डी-ई-के व्हिटॅमिनं, इन्फेक्शन टाळायला रोजचं अँटिबायोटिक. तीन महिन्यांनी एकूण बिलिरुबिन 1.4. या टप्प्यावर 2 च्या खाली असणं ही चांगली खूण मानतात.

पाचव्या महिन्यात ताप आला, 101. शेजारणी म्हणाल्या दात येतायत. आजीनं लंगोट बघितला, रंग फिका, आणि रात्री साडेदहाला मला फोन. पित्तनळ्यांचं इन्फेक्शन, कसाईनंतर हे होतंच आणि दोन दिवस घालवले तर कमावलेलं सगळं जातं. त्याच रात्री शहरात नेली, 14 दिवस शिरेतून अँटिबायोटिक, रंग परत आला.

आज ती सव्वादोन वर्षांची आहे, पळते, बोलते, वजन किंचित कमी. बिलिरुबिन नॉर्मल. पण प्लीहा वाढलेली आहे, प्लेटलेट 1 लाख 20 हजारांच्या आसपास, म्हणजे लिव्हरमधला दाब वाढतोय, अन्ननलिकेतल्या शिरा बघायला दुर्बीण करायची आहे. लिव्हर बदलायचं आज कुणी म्हणत नाही, पुढे म्हणतील का ते घरच्यांना स्पष्ट सांगितलंय. आईचा रक्तगट जुळतो. ती म्हणाली, लागेल तेव्हा सांगा.

काय वेगळं करता आलं असतं

18 व्या दिवशी मी रक्त काढलं असतं तर ऑपरेशन 30 व्या दिवसाच्या आसपास झालं असतं. लवकर केलं तर पित्त वाहायची शक्यता वाढते हे अनेक देशांच्या आकडेवारीत दिसतं, 60 दिवसांची रेघ लोक म्हणूनच ओढतात. या एका मुलीची प्लीहा त्यानं वाचली असती का हे छातीठोक सांगता येणार नाही, पण ते 26 दिवस तिचे होते.

तैवाननं यावर काय केलं ते सगळ्यांना माहीत व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. 2002 मध्ये त्यांनी शीच्या रंगाच्या छापील चित्रांचं कार्ड आयांना द्यायला सुरुवात केली, 2004 पासून ते देशातल्या प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत लावलं. 60 दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण 2004 मध्ये 60 टक्के होतं, 2005 मध्ये 74 झालं. मशीन नाही, रक्त नाही, एक छापील कागद.

मी माझ्यापुरतं एवढं केलंय. ओपीडीत 14 दिवसांवरचं पिवळं बाळ आलं की मीटर लावतच नाही, थेट रक्त, एकूण आणि डायरेक्ट. बाळ कुणी आणलंय ते न बघता, लंगोट कोण धुतं ते विचारते आणि त्याच माणसाशी बोलते, समोर नसेल तर फोनवर. दारामागे रंगांची चित्रं लावलीत, पांढरा, करडा, फिका पिवळा एका बाजूला, मोहरी-हिरवा दुसऱ्या बाजूला. हळद लावायची असेल तर लावा पण लघवीचा डाग कोरड्या अंगावर, अंघोळीआधी बघा, हे पण सांगते. तालुक्यातल्या आशाताईंच्या मासिक बैठकीत मी ही केस सांगितली, तेव्हा रिक्षा करून आलेल्या आशाताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी एकच मुद्दा मांडला, माहेरी आलेल्या बाळाचं नाव कुणाच्या यादीत घालायचं ते आधी ठरवा. आता प्रसूतीनंतर बाई कुठल्या गावी जाणार हे डिस्चार्जच्या वेळी विचारून त्या गावच्या आशाताईंना फोन जातो. मागच्या महिन्यात असाच फोन गेलेल्या एका बाळाची शी फिकी आहे म्हणून 16 व्या दिवशी माझ्याकडे आणलं. डायरेक्ट 0.4 निघालं, काही नव्हतं. आशाताई ओशाळल्या, उगाच त्रास दिला म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, पुढचं बाळ पण असंच घेऊन या.